आजीचं काशाचं वाडगं

"माझ्या आईनं ते वाडगं घेतलेलं नाही," तेजल पार्किंगमध्येच हटून बसली. "ते सापडेपर्यंत मी चिखलीला घरी जाणार नाही."

वाकडच्या त्या सोसायटीत तेजलची आई, यशोदाबाई, सो-यॉनच्या घरी कामाला होती. सो-यॉनचे बाबा चाकणच्या एका कोरियन कंपनीत इंजिनिअर. सुट्टीत कोरियाहून आजी आली आणि तिचं काशाचं वाडगं गायब झालं. सोसायटीचे चेअरमन मारुतराव यांनी धड चौकशी न करताच ग्रुपवर टाकलं, 'यशोदाबाई चोर आहे. गेटमधून सोडू नये.'

"एका वाडग्यासाठी एवढा गहजब?" ज्ञानेशनं विचारलं. तो वरच्या मजल्यावर राहायचा.

सो-यॉनचं मराठी याच पार्किंगमध्ये खेळून तयार झालं होतं. "कोरियावर जपानचं राज्य होतं ना, तेव्हा आमच्या जोल्ला प्रांतात घरोघरी फिरून काशाची भांडी उचलून न्यायचे. वितळवून तोफगोळे करायला. पणजीनं हे एकच परसात पुरून वाचवलं. आजी कालपासून जेवली नाहीये."

तेजलनं मग पोलिसी खाक्याच सुरू केला. "शेवटचं कधी पाहिलंस?"

"आजीच्या वाढदिवसाला. तांदळाच्या वड्या होत्या त्यात."

"त्या वड्या कुठे गेल्या?"

"बाबांनी शेजारी नेऊन दिल्या. कुणाला ते आठवत नाही म्हणतात. सारखे फोनवर असतात."

"कशात घालून दिल्या?"

"अगं, त्याच वाडग्यात!" सो-यॉन ताडकन उठली.

"पण मग त्या शेजाऱ्यांनी वाडगं परत नसतं का केलं?" ज्ञानेशला पटेना.

"रिकामं कसं करतील?" तेजल म्हणाली. "आमच्याकडे शेजारणीचा डबा दिवाळीपासून पडलाय. काही करून भरायला आईला वेळच होत नाही."

तिघं एकेक दार वाजवत निघाली. ज्ञानेशला तर जो दार उघडेल तोच चोर वाटत होता. शेवटी मारुतरावांचं घर उरलं. दार त्यांच्या बायकोनं, मिनलकाकूंनी उघडलं. आत टीव्हीशेजारी वाडगं होतं, आणि त्यात मारुतरावांच्या गाडीच्या किल्ल्या!

"अगं, द्यायचंच आहे ते," काकू म्हणाल्या. "शंकरपाळे केले की भरून देणार होते. हेच का ते? हे तर म्हणाले, सोन्याचं काहीतरी गेलंय."

वाडगं हातात पडताच आजीला रडू आवरेना. सो-यॉनचे बाबा मान खाली घालून, गेटबाहेर थांबलेल्या यशोदाबाईंना बोलावायला स्वतः गेले. वाडगं सापडल्याचं कळून तिथं आलेले मारुतराव मात्र मुलांच्या पाठी थोपटू लागले. "शाब्बास! पक्के डिटेक्टिव्ह निघालात."

"पोरांचं कौतुक करा साहेब, करायलाच पाहिजे," दारातून यशोदाबाई म्हणाल्या. "पण मला चोर जिथं लिहिलंत, तिथंच आता खरं काय ते लिहा."

मारुतरावांनी मुकाट्यानं फोन काढला. ते लिहीत होते आणि तेजल शेजारी उभी राहून शब्दन् शब्द मोठ्यानं वाचत होती.