विवेककाकांची सीट

"हे गाडी धुतल्याचं पाणी नाही." निधीने गाडीखालच्या पुठ्ठ्यावर बोट टेकवलं आणि ते शार्दूलच्या नाकाशी धरलं. "बघ, तेलकट आहे."

"ईss, ग्रोस. दूर कर ते," शार्दूल मागे सरकला.

जूनमध्ये वाळवंटातल्या चँडलरला सकाळी दहानंतर उकाड्याने गॅरेजात उभं राहवत नाही, म्हणून शुक्रवारी सातलाच तिघं एकनाथकाकांकडे हजर होती: निधी, तिची मैत्रीण वल्लरी आणि वल्लरीचा धाकटा भाऊ शार्दूल. रिटायर झाल्यावर एकनाथकाका आणि त्यांचे मित्र विवेककाका यांनी एक गाडी मागवली होती, खोक्यांतून, सुट्या भागांची. चार वर्षं ते दोघं ती घरीच जोडत होते. निळी, बिनछपराची, दोन सीटची. सुट्टी लागली की मुलंही मदतीला यायची. आता गाडी तयार होती. उद्या सकाळी दोघा मित्रांची पहिली फेरी, आणि लगेच विवेककाका विमानाने दूर ईडन प्रेरीला, मुलाकडे, कायमचे राहायला.

"काका, गाडी गळतेय," निधीने सांगितलं.

"नवी आहे गं. थोडं तेल सुटायचंच," बॉनेट पुसता पुसता काका म्हणाले आणि चहाला आत गेले.

मग मुलांनी स्वतःच तपास सुरू केला. चारही चाकांखाली कोरे कागद ठेवले आणि वाट पाहिली. अर्ध्या तासाने एकाच कागदावर डाग होता, मागच्या डाव्या चाकाखालच्या.

वल्लरी त्या कागदाकडे वाकली. त्या चाकाच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीचा नट तिनेच बसवला होता. हाताने फिरवला, पान्याने घट्ट करणार तेवढ्यात फोन वाजला. बोलून झाल्यावर तिने गाडीच्या कामांच्या यादीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली होती.

"मी इथे बघते. तुम्ही आतून पाणी आणा ना," ती म्हणाली. दोघं आत गेल्यावर ती पाना घेऊन गाडीखाली सरकली. नट दोन वेढे फिरला. तिने डाग पुसला, कागद गोळा केले.

"थांबलं," दोघं परतल्यावर ती म्हणाली. "गाडी धुतल्याचंच पाणी असेल."

निधीने आपलं तेलकट बोट पुन्हा चोळून पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी गाडी घरासमोर उभी होती. विवेककाका टोपी घालून कधीचेच त्यांच्या सीटवर बसले होते. शार्दूल क्षणभर ड्रायव्हरच्या जागी बसून उतरला आणि वल्लरीजवळ येऊन म्हणाला, "ताई, ब्रेक खालीच जातोय. लाइक, ऑल द वे."

वल्लरीला एकदम कळलं. जिथून तेल बाहेर आलं होतं, तिथूनच हवा आत शिरली होती. नळीत हवा असली की ब्रेक लागत नाही, आणि नुसता नट आवळून ती हवा बाहेर पडणार नव्हती.

"काका, ब्रेक नीट नाहीत," ती एकनाथकाकांना म्हणाली.

"अगं, नवे ब्रेक असेच लागतात. कोपऱ्यापर्यंत तर जायचंय," एकनाथकाका म्हणाले.

"चला हो, मला एअरपोर्ट गाठायचंय," विवेककाका हसले.

कोपऱ्यावर मोठा रस्ता होता. तिथे गाड्या सुसाट जात. गाडी इतकी बुटकी, की मोठ्या माणसाला ड्रायव्हरच्या जागी बसायचं तर स्टिअरिंग काढून ठेवावं लागे. काकांनी ते काढून शार्दूलच्या हातात दिलं आणि आत बसले. वल्लरीने ते त्याच्याकडून ओढून घेतलं आणि दहा पावलं मागे गेली. निधी गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"वल्लरी, हा काय पोरकटपणा? आण ते इकडे."

"आधी ब्रेक दाबून बघा. मग देते."

काकांनी रागाने पाय दाबला. पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला.

"विवेक, उतर रे," ते हळू आवाजात म्हणाले.

नळ्यांतली हवा काढायला दोन-तीन तास लागणार होते. विवेककाकांकडे वीस मिनिटं होती. गुडघा धरत ते उतरले, गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला.

"शाबास, पोरींनो," ते म्हणाले. "आम्ही दोघं म्हातारे निघालोच होतो. तुम्ही होतात म्हणून वाचलो."

नटाचं वल्लरीने तेव्हाही सांगितलं नाही. ती स्टिअरिंग छातीशी धरून उभी राहिली आणि विवेककाकांची टॅक्सी गेली.

रविवारी ब्रेक पक्के झाले. काकांनी पाच वेळा तपासले. मग शेजारची सीट झटकून म्हणाले, "वल्लरी, ये. पहिली फेरी तुझी. तुझा मान आहे तो."

"नको. आधी विवेककाकांशी बोलायचंय. तुम्हीही ऐका."

फोन लागला. तिने तो स्पीकरवर ठेवून सगळं सांगितलं. नट, यादीतली खूण, पुसलेला डाग. "शुक्रवारीच कळलं होतं मला," ती म्हणाली.



"शुक्रवारी सांगितलं असतंस, तर दुरुस्ती होऊन पहिल्या फेरीला मी बसलो असतो गं," विवेककाका म्हणाले.

"हो, काका."

"आज सांगितलंस, बरं केलंस." मग त्यांनी विचारलं, "एकनाथ, यादीवर तपासल्याची सही तुझीच आहे ना? न बघता केलीस."

"केली," एकनाथकाका म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी गाडी सुरू केली. वल्लरीला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि निधी किंवा शार्दूलनेही बसू का विचारलं नाही. विवेककाकांची सीट रिकामी ठेवून काका एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.