धड पायाची साक्ष

कोल्हापुरातल्या एका शुश्रूषागृहातल्या आया अक्काताई बिरांजे कामचुकार आहेत, अशी साक्ष त्यांच्याच उजव्या पायातल्या हाडानं दिली होती. मुकादमाला विचारा, सोबतच्या बायकांना विचारा, ही पद्धत केव्हाच मोडीत निघाली होती. हाडाला विचारायचं, की झालं!

कामावरून काढल्याचं पत्र घेऊन अक्काताई थेट अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्राध्यापक वत्सला केंकरे यांच्या प्रयोगशाळेत आल्या.

"ह्ये हाड तुम्हीच केलंय न्हवं? दवाखान्याच्या कार्डावर नाव हाय तुमचं. मग इचारा की त्येला, असं खोटं का बोलतंय!"

हाड बाईंचंच होतं. तीस वर्षं जैवपदार्थांवर, म्हणजे शरीर आपलं मानून घेईल अशा पदार्थांवर, खपून त्यांनी 'नोंदहाड' घडवलं होतं. मोडलेल्या हाडाच्या जागी बसवायचा हा सच्छिद्र साचा. त्यातले बारीक स्फटिक दाबले गेले, की किंचित वीज निर्माण होते आणि पेशी नेमकं तिथेच नवं हाड बांधतात. रोज पाय पडतात तिथे पायवाट उमटते, तसंच हे. किती भार पडला याची नोंदही साच्यात राहते. रोगी बरा होतोय का, एवढंच डॉक्टरांना कळावं म्हणून बाईंनी ती सोय ठेवली होती. ती नोंद नोकरी देणाऱ्या मालकांच्या हाती गेली, तेव्हा बाईंना कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी वाचकयंत्र अक्काताईंच्या उजव्या नडगीवर धरलं. वर्षभराचा भार अपेक्षेच्या जेमतेम निम्मा होता.

"माणसं उचलत नव्हता का तुम्ही?"

"रोज चौदा म्हातारी उचलतो की! पन ह्यो पाय दुकतोय वो. दुकत्या पायावर कोन भार टाकंल? सगळा डाव्यावर घेतो."

केंकरेबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नोंद खरी होती, वाचणारा आंधळा होता. आणि हा वाचणारा, मालकांसाठी हाडांच्या नोंदी वाचणाऱ्या अस्थिवाचन मंडळाचा प्रमुख शार्दूल चिकोडे, त्यांचाच विद्यार्थी! त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या पोराला पहिले सहा महिने एकच काम असे. शेळीच्या ज्या पायात साचा नाही, तो धड पाय काट्यावर ठेवून मोजायचा. कुणी कंटाळा केला की बाई वही भिरकावून देत. "धड पाय मोजल्याशिवाय मोडक्याबद्दल तोंड उघडायचं नाही!" शार्दूलची वही सात वेळा भिरकावली गेली होती.

अक्काताईंना घेऊन बाई तडक मंडळात गेल्या.

"यांचा डावा पाय मोजलास?"

"मॅडम, त्यात नोंदहाडच नाही. वर्षभराचा भार मोजणार कसा?"

"मग साक्ष कसली काढलीस? दुखणाऱ्या पायाला आळशी ठरवतोस? चोर सोडून संन्याशाला फाशी! हे शिकवलं का रे मी तुला?"

शार्दूलची मान खाली गेली. "चुकलंच, मॅडम," असं म्हणत त्यानं कामावरून काढल्याचं ते पत्र तिथल्या तिथे फाडलं. पोरगं अजून वाया गेलेलं नाही, या समाधानात बाई परतल्या.

आठ दिवसांनी अक्काताई पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. हातात मंडळाचं परिपत्रक होतं. बाईंनी त्यांना बसवलं आणि ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'एकाच पायाची नोंद दिशाभूल करते. प्रा. केंकरे यांच्या नियमानुसार, नोंदहाड असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या धड पायातही ते बसवण्यात येईल. नकार देणाऱ्यास कामावर ठेवता येणार नाही.'"

बाईंनी परिपत्रक टेबलावर आपटलं. त्यांनी संतापानं शार्दूलला फोन लावला.

"धडधाकट हाड कापणार तुम्ही? लाज नाही वाटत?"

"पण मॅडम," तो मनापासून गोंधळला होता, "धड पाय मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना एका विद्यार्थ्याची चूक कुठे झाली ते सांगता येईना. गुरूची विद्या गुरूला!

"म्हंजी," अक्काताईंनी विचारलं, "तुमच्या नियमापायी माजा चांगला पायबी कापायचा?"

बाईंनी धीर द्यायला त्यांच्याकडे हात पुढे केला. अक्काताईंनी डाव्या पायावरचं लुगडं खाली ओढून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली.