रोसेन्दोच्या पाकिटातलं पत्र

लेफ्टनंट ओदालिसने तळघरात पाऊल टाकलं आणि वीज गेली. लगेच मागे कुलूप वाजलं.

"अहो, मी पोलीस आहे!"

"पोलीस असा नाहीतर पोप," बाहेरून पहारेकरी एवेलिओ म्हणाला. "वीज गेली की दार बंद. आली की उघडणार, झडती घेणार, मग सोडणार. नियम आहे."

हवानाच्या या पत्रसंग्रहाला खिडकी नव्हती. भर दुपारी मिट्ट काळोख. आणि उकाडा असा, की दुसऱ्याने सोडलेला श्वासच आपण घेतोय असं वाटावं.

ओदालिसने बॅटरी लावली. तीन चेहरे दिसले. संचालक डॉक्टर बाकायाओ. पीतज्वराच्या संशोधनावर जाडजूड पुस्तकं लिहिणारे प्रोफेसर अर्मेन्तेरोस. आणि रडून डोळे सुजलेली कारकून युसिमी.

"हिला घेऊन जा," बाकायाओ म्हणाले. "सरकारी दप्तरात खोटं घुसवलंय हिने."

प्रकरण साधं होतं. रोसेन्दो नावाचा गरीब मजूर शतकापूर्वी स्पेनहून बोटीने आला. पीतज्वर कसा पसरतो ते बघायला त्याला छावणीत नेऊन डास चावायला लावले. मोठ्या लोकांना शोध लागतात, चावे गरिबाला बसतात. छावणीतून त्याने बहिणीला पत्र लिहिलं. युसिमीने त्याची नक्कल टाइप केली: आम्हाला कोंडून ठेवलंय. नक्कल छापून आली, गाजली. आज सकाळी मंत्रालयाच्या माणसांसमोर मूळ पाकीट उघडलं, तर आत भलतंच. जेवण छान आहे, समुद्र दिसतो, काळजी करू नकोस.

"अक्षर?"

"त्याचंच," अर्मेन्तेरोस म्हणाले. "तारीख मात्र तो कधीच घालत नसे. बाई, ती पोरं आपखुशीने गेली होती. मी आयुष्यभर तेच लिहितोय. आणि ही टवळी दोन ओळी बडवून मला खोटं पाडणार?"

"मी होतं तेच टाइप केलं!" युसिमी किंचाळली. "आज तर मला पाकिटाजवळही येऊ दिलं नाही. माझी आई माझ्या पगारावर जगते, लेफ्टनंट. मी तुरुंगात गेले तर तिचं काय?"

"पोरी, ओरडू नकोस, हवा संपेल. हे पाकीट शेवटचं कुणी हाताळलं?"

"प्रोफेसरांनी. काल. रोसेन्दोच्या पत्रांची सगळी पेटी, बंदरावरच्या खानावळीतून लिहिलेल्या पत्रासकट, समोर घेऊन बसले होते. वीज गेली, एवेलिओने आम्हा दोघांना कोंडलं. मी कोपऱ्यात डोकं टेकून पडले होते."

"डॉक्टर, तुम्ही?"

"पावाच्या रांगेत. संचालकालाही भूक लागते."

ओदालिसने पाकीट उचललं. त्यावर नखाएवढ्या तीन बारीक फटी होत्या.

"प्रोफेसर, हे काय?"

"वाळवी. सगळं हवाना खाल्लंय तिने."

"डॉक्टर?"

बाकायाओंनी रुमालाने मान पुसली. "जुना कागद आहे. फाटतो."

"असं?" ओदालिस हसली. "मी सहावीत असताना शाळेची सहल इथे आली होती. तेव्हा तुम्हीच असं एक पाकीट दाखवून म्हणाला होतात, मुलांनो, रोग पसरेल म्हणून लोकांना टपालाचीसुद्धा भीती वाटायची. छावणीतलं पत्र बाहेर सोडण्याआधी त्याला आरपार चिरा पाडायचे आणि गंधकाच्या धुरात धरायचे. पत्र आत असतानाच. विसरलात?"



तिने पाकिटामागे बॅटरी धरली. भिंतीवर उजेडाच्या तीन रेघा उमटल्या. मग आतलं पत्र तसंच घडी घालून धरलं. भिंत काळीच राहिली.

"हे पत्र या पाकिटात कधीच नव्हतं. आता ऐका. काल वीज गेली तेव्हा आत दोघंच. युसिमीने पत्र बदललं असेल? स्वतःचीच नक्कल खोटी पडावी म्हणून? वेडी आहे का ती? राहिले प्रोफेसर. कागद पळवणं शक्य नव्हतं, झडती ठरलेली. फाडला असता तर आवाज झाला असता, तुकडे सापडले असते. म्हणून अंधारात त्यांनी दोन पत्रांची अदलाबदल केली. हे गोडगोड पत्र छावणीत जाण्याआधीचं, बंदरावरच्या खानावळीतून लिहिलेलं. अंधारात चिरा दिसल्या नाहीत, आणि दिसल्या असत्या तरी त्यांना ती वाळवीच वाटली असती."

"हा निव्वळ तर्क आहे!" अर्मेन्तेरोस ओरडले.

"मग खानावळीचं पाकीट उघडू या."

युसिमीने पेटीतून ते काढलं. पाकीट धडधाकट. आतल्या घडीला मात्र तीन चिरा. तिने बॅटरीच्या उजेडात वाचलं: "ताई, मी सही केली, पण कागद परक्या भाषेत होता. आता घरी जातो म्हटलं तर दार उघडत नाहीत. शेजारचा काल गेला. त्याच्याच खाटेवर मला झोपवलंय."

"माझी सगळी पुस्तकं..." अर्मेन्तेरोस एवढंच पुटपुटले.

ओदालिस बाकायाओंकडे वळली. "यांनी चोरी केली. तुम्ही काय केलंत? सकाळी कागदाला चिरा नाहीत हे पाहताक्षणी तुम्हाला कळलं होतं."

"प्रोफेसरांचा मंत्रालयात शब्द चालतो," बाकायाओ खालमानेने म्हणाले. "माझी खुर्ची..."

"आणि ही पोर?"

वर पंखा घरघरला, दिवे लागले. कुलपात किल्ली फिरली. अर्मेन्तेरोस घाईने दाराकडे धावले.

ओदालिसने दारात हात आडवा धरला.

"मागे व्हा. आधी ती बाहेर जाईल."