कमलबाईंच्या मशीनला बारा गुण

"एकच सुई, एकच रीळ," इंदूने जाहीर केले. "तरच परीक्षा चोख होईल."

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याची इतर मुले विहिरीत डुंबत होती. इंदू, गुलाब आणि उत्तम आळीतल्या जुन्या शिलाई मशिनींना गुण देत होते. परीक्षक इंदू, कारण ती सातवीत पहिली आली होती आणि हे कुणाला विसरू देत नव्हती.

देवकाबाईंच्या पायमशीनला शंभरपैकी ब्याऐंशी. अंबाबाईंची हातमशीन खडखडायची, पण अंगावरची सोनेरी वेल शाबूत होती, चौऱ्याहत्तर. कमलबाईंची सगळ्यांत जुनी, आत खालचा दोरा नेणारे नावेसारखे लांबट शटल. तिने दर तिसरा टाका सोडला. बारा. इंदूने यादी सुवाच्य अक्षरात किराणा दुकानाच्या भिंतीवर डकवली.

शाळा समितीचे सचिव भगवंतराव कोणतीही गोष्ट स्वतः तपासण्याच्या विरोधात होते. दरवर्षी गणवेश कमलबाई शिवत. त्यावरच त्यांचे घर चाले. यंदा भगवंतरावांनी यादी वाचली आणि कापडाचा गठ्ठा चारच्या बसने सौंसरच्या शिंप्याकडे पाठवायचे ठरवले.

उत्तमने ही बातमी आणली तेव्हा तिघेही कमलबाईंकडे धावले. त्या टाके उसवत बसल्या होत्या.

"परवापर्यंत बराबर चालत होती वं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊन गेले अन् टाके सोडून राहिली. माहे डोळेच गेले असतील."

इंदूने वाकून पाहिले. दोरा अडकवायची कडी इतर मशिनींत डावीकडे होती; इथे उजवीकडे. म्हणजे सुईही उलट बाजूने बसायला हवी. परीक्षेची सुई तिने सगळीकडे सारखीच बसवली होती, आणि नंतर कमलबाईंची सुईही तशीच परत लावली होती. तिचे कान तापले. तिने सुई फिरवली. मशीन सरळ शिवू लागली.

चारला पाच मिनिटे कमी होती. तिघे स्टँडवर पोचले तेव्हा गठ्ठा बसशेजारी ठेवलेला होता. गुलाब जाऊन त्यावर बसला.

"ऊठ ना बे!" कंडक्टर ओरडला.

"पोट दुखून राहिलं. उठताच येत नाही."

कंडक्टर वाट पाहून कंटाळला. बस गठ्ठ्याविना गेली. चिडलेल्या भगवंतरावांना मुलांनी कमलबाईंच्या दारात आणले. समोर कॉलर सरळ शिवून निघाली. सुई उलटी बसली होती, एवढेच इंदूने सांगितले.

"शाबास! मिस्त्रीलेही जमलं नसतं," भगवंतराव जमलेल्या बायकांसमोर म्हणाले. गणवेश इथेच शिवले जातील, हेही त्यांनी सांगून टाकले. बायका इंदूच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. गुलाब आणि उत्तम जमिनीकडे पाहत होते. प्रत्येक हाताबरोबर इंदूला आणखी लहान व्हावेसे वाटत होते.

"सुई मीच उलटी लावली होती," ती म्हणाली. "न विचारता. अन् बारा गुणही मीच दिले."

मग भगवंतरावांनी तिच्या खरेपणाचेही कौतुक केले. त्यांना आज कौतुकाची सवय लागली होती.

कमलबाईंनी मात्र कौतुक केले नाही. त्यांनी बटणांचा डबा तिच्यापुढे सरकवला. "बस. काजं मी करतो, बटणं तू लाव."

इंदू मान खाली घालून बसली. बटण लावताना ती खालीच घालावी लागते, एवढेच त्यातल्या त्यात बरे होते.