नावेतला लाल पलंग

केबिनचं झाकण सरकवलं आणि हर्षिताला आधी दोन पाय दिसले. मोज्यांतले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

पाय बाबूजींचे नव्हते. नाव मात्र बाबूजींचीच. बंदरावरची नोकरी संपवून तिचे वडील मनोहरलाल पटले गावी परतले तेव्हा, इतर कोणी असता तर ट्रॅक्टर आणला असता. त्यांनी जुनी शिडाची नाव ट्रेलरवर घालून आणली आणि नवेगाव बांधच्या तलावात, घाटाला बांधली.

“कोण आहे रे आत?”

पाय दचकले. कुठंतरी डोकं आपटलं.

“अबे!... टिकेश, टिकेश रहांगडाले. कोहमाऱ्याचा.” टाळू चोळत एक उंच माणूस बाहेर आला. “आमी ट्रकच्या केबिन बनवतो जी. काकाजीले पलंग करून देल्ला, तो दबते का म्हणून पाहून राहिलो होतो.”

“झोपून?”

“मंग उभ्यानं कसा समजन, मॅडम?”

हर्षितानं आत डोकं घातलं आणि तिच्या कानांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. नावेच्या टोकात पूर्वी शिसवी फळ्यांचा त्रिकोणी बिछाना होता. टोकाकडं पाय करून निजायचं. तो गायब. त्या जागी आडवा, ऐसपैस, लाल रेक्झिनचा पलंग. वर सोनेरी झालर. कोपऱ्यात देवाची फळी. छताला पंख्यासाठी पाडलेलं भोक.

“हे... हे काय आहे?”

“डिलक्स,” टिकेश म्हणाला. आवाजात अभिमान होता, हे आणखी वाईट.

उद्या नागपूरचं गिऱ्हाईक येणार होतं. त्यानं फोनवर दोनदा विचारलं होतं, सगळं मुळातलं आहे ना? आणि हर्षितानं छाती ठोकून सांगितलं होतं, एक खिळा बदललेला नाही. नाव विकून जे येईल ते तिचं, असा बाबूजींचा शब्द होता. त्यातून गोंदियात तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान. परक्याच्या काउंटरमागं उभं राहून लोकांचे डोळे तपासायचे आणि वर मालकाचं ‘ए लडकी, जल्दी कर’ ऐकायचं, ते संपणार होतं.

“जुना बिछाना काऊन तोडला?” रागात तिची शाळेतली मराठी कुठल्या कुठं गेली.

“काकाजीनं सांगतलं. नावेचं टोक दक्षिणेले. तिकडं पाय करून काकूजी झोपत नाई म्हणे, मेलेल्या माणसावानी. म्हणून आमी पलंगच फिरवला.”

“अरे, मग नाव फिरवायची होती ना!”

टिकेशनं टोकाकडं पाहिलं. मग शेपटाकडं. मग पाण्याकडं.

“फिरते?”

तिनं कपाळावर हात मारला.

“आमच्याकडं झोपासाठी ट्रक कोणी फिरवत नाई, मॅडम,” तो हळूच म्हणाला.

घरी बाबूजींवर ती तुटून पडली. “नाव माझी म्हणालात ना? मग पलंग कोणाला विचारून केला? मला नुसतं फोन उचलायला ठेवलंय का?”

“तुझी माय एकदा तरी येऊन निजन, वाटलं,” बाबूजी म्हणाले. “इतकी वर्षं मी पाण्यावर, ती धानाच्या शेतात...” आणि बंदरावर जन्म काढलेल्या माणसालाही नाव फिरवायचं सुचलं नव्हतं, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. बरं, पलंग फिरूनही तिची आई मुन्नीबाई आल्या नव्हत्याच. नाव हलते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकानं केबिनमध्ये डोकं घातलं, तसंच बाहेर काढलं. “मी नाव घ्यायला आलोय, ट्रक नाही.” मग त्यानं जो आकडा सांगितला, त्यात दुकान सोडा, दुकानाची पाटीही झाली नसती. “पहिल्यासारखं करा. फाल्गुनापर्यंत थांबतो.”

मग टिकेश दर रविवारी यायचा. मजुरी नको म्हणाला. हर्षिताही यायची, मदतीला नाही, पाळतीवर. मोबाइलमधले जुने फोटो त्याच्या नाकासमोर धरायची, फळीचं दुसरं टोक स्वतः पकडायची.

“वाकडी कापली.”

“सरळ हाय.”

“माझ्या डोळ्यांना वाकडी दिसते.”

“तुमाले मीच वाकडा दिसतो जी.”

तो टेप हात लांब करून वाचतो, हे तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या रविवारी तिनं दुकानातून चष्मा आणला, एक शब्द न बोलता त्याच्या नाकावर चढवला. त्यानं टेप पाहिला नाही. तिच्याकडं पाहिलं. जवळून. बराच वेळ.

“तुमच्या नाकावर तीळ हाय?... मले वाटे, तिथं नुसता रागच राहते.”

“टेप बघा!” ती ओरडली. पण तीळ दिवसभर गरम राहिला.

माघात अवकाळी आला. ढग बांधावर उतरले, बदकं लव्हाळ्यात लपली, आणि पंख्याच्या भोकातून धार थेट हर्षिताच्या डोक्यावर. टिकेशनं भोकावर तळहात दाबला. पाणी त्याच्या बाहीतून कोपरावर, कोपरावरून तिच्या खांद्यावर... जागा इतकी कमी की तिला रागवायलाही मागं सरकता येईना.

“हात दुखेल,” ती म्हणाली.

“दुखू द्या. भोक माह्यंच हाय.”

ती हसली. हसल्याचा तिला फार राग आला.

फाल्गुनात बिछाना पुन्हा त्रिकोणी झाला, फळ्या चकाकल्या. भोकावर काचेची झडप बसवली होती. गिऱ्हाईकाला ती इतकी आवडली की भाव पहिल्यापेक्षा वर गेला. नाव ट्रेलरवर चढली, हलायची थांबली, आणि तेव्हा मुन्नीबाई पदर खोचून शिडीनं वर गेल्या. आत आडव्या होऊन म्हणाल्या, “चांगली हाय जी. पाण्याबाहेर काढा, असं मीच आधी बोललं पायजे होतं.” बाबूजीही शिडीनं वर गेले. त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

कोहमाऱ्यापर्यंत हर्षिता ट्रेलरसोबत आली. शीड गुंडाळलेली नाव हायवेवरून दिसेनाशी झाली. आता रविवारी कुठं जायचं? आणि हा टिकेश ढाब्यावर समोर बसून चहा ढवळतोय... ढवळतोय... तोंडातून एक अक्षर नाही. तिचं डोकं सणकलं. ती उठून सरळ शेजारच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये शिरली.

मागच्या भिंतीशी, प्लास्टिकखाली, लाल पलंग.

“हा मोडला नाहीस?”

“नाई.”

“काऊन?”

टिकेशनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. “दोघांच्या मापाचा हाय. एकट्यानं मोडावं वाटलं नाई.”

बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला. मग आणखी एक.

“हे सांगायला इतके रविवार? आज नाव गेली, आज? मी चहा पिऊन बसनं निघून गेले असते तर?”

“तू रागात होती.”

“मी आताही रागातच आहे!”

“हो... दिसून राहिलं.” तो तिच्या नाकाकडं पाहत होता.

तिनं प्लास्टिक ओढून काढलं. पलंगावर हात दाबून पाहिला. मग बसून. दबत नव्हता.

“डोकं कुठं याचं?”

“तू म्हणशील तिकडं. हा फिरते.”

“लाल रेक्झिन काढ आधी.”

“काढतो.”

“देवाची फळी भिंतीवर.”

“हो.”

“आणि पुढं काही तोडायचं, जोडायचं असलं तर मला विचारायचं. आधी.”

“विचारतो.” तो जरा थांबला. “झालर?”

हर्षितानं सोनेरी झालरीकडं पाहिलं. भयंकर होती. वाऱ्यानं उगाच हलत होती.

“झालर... राहू दे.”