बारा सेकंदांनी

हे खरं आहे. तिखटमीठ लावायची मला हौस नाही. माझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत हे घडलं आणि त्यांनी ते मला शपथेवर सांगितलं.

रात्र नव्हती. शनिवारची दुपार, सव्वातीन वाजलेले. ऑफिसात लख्ख उजेड होता.

मेहुणे एका मोठ्या हॉस्पिटलचा डेटा सांभाळायचे. पेशंटचे रिपोर्ट, औषधं, सगळं. त्याच्या दोन प्रती असत. एक इथल्या सर्व्हर रूममध्ये, दुसरी तीनशे किलोमीटरवरच्या इमारतीत. इथे आग लागली, पूर आला, तर तिथली कामाला यावी म्हणून. इथे लिहिलेलं बारा सेकंदांनी तिथे उमटायचं. इथे पुसलेलं बारा सेकंदांनी तिथेही पुसलं जायचं.

तिथे एकच गृहस्थ असायचे. सगळ्यांच्या चुका काढत, म्हणून त्यांना मास्तर म्हणत.

दर सहा महिन्यांनी सराव असे. फोन स्पीकरवर ठेवायचा. इथल्याने एकेक पायरी मोठ्याने वाचायची. तिकडे मास्तर खोकून घसा साफ करायचे आणि तेच शब्द परत म्हणायचे. मगच इथे बटण दाबायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या सरावात मेहुण्यांना घरी जायची घाई झाली होती. पायरी सात होती, कुठली प्रत कुठे उतरवायची ती दिशा. त्यांनी वाचली आणि मास्तरांची वाट न बघता दाबून मोकळे झाले.

दिशा उलटी निवडली होती.

सरावासाठी चार दिवस थांबवून ठेवलेली तिकडची शिळी प्रत इकडच्या ताज्यावर चढली. चार दिवसांचे रिपोर्ट गेले. कुणी दगावलं नाही, हे नशीबच.

मेहुण्यांनी हात वर केले. "मास्तरांनी चुकीचं परत म्हटलं," असं लेखी दिलं. त्या फोनचं रेकॉर्डिंग होतं, तेही पुसलं. बारा सेकंदांनी तिकडचंही गेलं.

मास्तरांची नोकरी गेली. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. ते रोज मेहुण्यांना फोन करायचे. भांडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "ते रेकॉर्डिंग एकदा ऐकवा. घरातसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही माझ्यावर."

मग फोन थांबले. मास्तर तिकडच्या त्याच इमारतीच्या जिन्यात मरून पडलेले सापडले.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मेहुणे मनात म्हणाले. हे त्यांनीच मला खाली मान घालून सांगितलं. मला त्यांचा राग आला होता. आजही येतो.

तर तो शनिवार.

मास्तरांनंतरचा पहिला सराव. तिकडची खोली आता कुलूपबंद होती, सगळं इथूनच चाले. पण साहेब नियमाचे पक्के. "फोन लावा, लाइन जिवंत आहे का कळेल," म्हणाले. तिकडचा फोन आपोआप उचलला जायचा. तसा तो उचलला गेला.

मेहुण्यांनी वाचलं, "पायरी एक. दोन्ही प्रती जुळतात."

स्पीकर गप्प.

बारा सेकंदांनी… खोकला.

मग तेच शब्द. पण आवाज मेहुण्यांचा स्वतःचा.

"लाइनवर घुमतंय," साहेब म्हणाले.

घुमतंय, ठीक. पण मेहुणे खोकलेच नव्हते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

पायरी दोन. खोकला. तीन. खोकला. सहाव्या पायरीपर्यंत त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

सातवी वाचायला त्यांनी तोंड उघडलं…

या वेळी आधी स्पीकर बोलला. मेहुण्यांच्याच आवाजात.

"मास्तरांनी चुकीचं म्हटलं नव्हतं. त्यांना म्हणूच दिलं नाही मी. रेकॉर्डिंग मीच पुसलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. मेहुणे म्हणाले, "हा मी नाही. साहेब, मी काहीच बोललो नाही." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बारा सेकंदांनी हात आपोआप खाली आले.

आणि ते खोकले.

मग तेच शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले. एकही मागेपुढे नाही.

दिशा उलटली होती. आता तिकडचं इकडे उतरत होतं.

नोकरी गेली, नाव गेलं. करावे तसे भरावे, असं म्हणून मी विषय संपवला असता.

पण गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्या घरचा फोन वाजला. नंबर तिकडच्या खोलीचा. ती लाइन केव्हाच कापली आहे. मेहुण्यांनी उचलला. आधी खोकला आला… मग माझ्या बहिणीचा आवाज. ती रडत होती. "अहो, डोळे उघडा ना." आणि मग, "दादा, लवकर ये."

बहीण त्यांच्या समोरच बसली होती. कपड्यांच्या घड्या घालत.

मेहुण्यांनी बारा सेकंद मोजले. काही झालं नाही. मिनिट गेलं, तास गेला, रात्रही सरली. बहीण म्हणाली, "बघा, उगाच घाबरलात."

मलाही तसंच वाटलं. पण मेहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, अंतर वाढलंय फक्त. पोचायचं ते पोचतंच. मी वीस वर्षं हेच काम केलंय."

किती वाढलंय, हे त्यांनाही सांगता येत नाही.

बहिणीचा रोज फोन येतो. मी उचलतो. ती "दादा" म्हणते आणि पुढे बोलण्याआधी जराशी थांबते. लहानपणापासूनची सवय आहे तिची.

तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.