अंगछाया

२०५८ सालच्या अकोल्यात प्रत्येक घराने आपापलं इंटरनेट वेगळं घेण्याची पद्धत जवळजवळ संपली होती. इमारतीत एकच मुख्य जोड येई आणि पुढे घराघरांतले संगणक ती बिनतारी लहरींनी एकमेकांना देत. बैठकीतला संगणक स्वयंपाकघरातल्याला देई, स्वयंपाकघरातला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या संगणकाला. एखादा बंद असला की त्याचं काम बाकीचे वाटून घेत. याला सगळे ‘सामाईक जोड’ म्हणत. ती कशी चालते याचा विचार फारसं कुणी करत नसे. नळाला पाणी येतं तशी ती येई.

म्हणूनच ती तुटायला लागली तेव्हा एका रविवारी संध्या गावंडे शेजारच्या मैथिलीकडे गेल्या. मैथिली खंडारे याच लहरींवर संशोधन करत असे. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करी.

“दुपारी चार वाजले की जोड जाते गं,” संध्याकाकू दारातच म्हणाल्या. “केतकीशी बोलता बोलता तिचा चेहरा पडद्यावर थिजतो. तासाभराने आपोआप येते.”

“रोज चारलाच?”

“रोज.”

मैथिली लगेच त्यांच्यासोबत गेली. गावंड्यांच्या घरात तीन संगणक होते. एक बैठकीत, एक स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ आणि एक आतल्या खोलीत, दिगंबर सरांच्या जुन्या टेबलावर. सरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. चार वर्षांपूर्वी त्यांना विस्मरणाचा आजार जडला. आधी गावांची नावं गेली, मग विद्यार्थ्यांची. गेल्या आठ महिन्यांपासून त्यांना बायकोही ओळखू येईनाशी झाली होती. ते तिला अतिशय अदबीने ‘मॅडम’ म्हणत.

चार वाजता सर आतल्या खोलीतून आले आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात, वेताच्या खुर्चीवर बसले. पश्चिमेचं ऊन तिथे येई. मैथिलीने हातातल्या पडद्याकडे पाहिलं. जोड गेली होती.

“काकू, सर मध्ये बसतात म्हणून तुटतेय.”

“माणूस बसल्याने इंटरनेट तुटतं?”

“अडतं. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी आहे आणि या लहरी पाण्यात विरतात. कंदिलासमोरून कुणी गेलं की भिंतीवर सावली पडते ना, तसंच. या लहरींमध्येही माणसाची सावली पडते. तिला आम्ही अंगछाया म्हणतो. एरवी संगणक ती ओळखून दुसऱ्या बाजूने वाट काढतात. तुमच्याकडे तिन्ही संगणक एका रेषेत आलेत, त्यामुळे वाटच उरत नाही.”

“मग यांना उठवायचं का? त्यांना तिथंच बरं वाटतं.”

“सरांना कशाला उठवायचं? संगणक हलवू.”

तिने टेबल खिडकीकडे सरकवलं. जोड आली. सरांनी हे सगळं लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाले, “फार तसदी घेतलीत.”

संध्याकाकूंनी चहा ठेवला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच त्यांनी मैथिलीला सांगितलं की, मुलीने, केतकीने, अमरावतीला एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं आहे. अशा आजाराचीच माणसं तिथे ठेवतात. दिवसरात्र माणसं असतात, बाग आहे. एक जागा रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

“केतकी चुकीचं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “माझी पाठ गेली. यांना न्हाऊ घालायचं म्हणजे आता मला जमत नाही. आणि खरं सांगू? यांना काय, इथं काय अन् तिथं काय. मी कोण तेच माहीत नाही. तिथल्या बाईलाही मॅडमच म्हणतील.”

हे बोलताना त्या चहा गाळत होत्या. हात स्थिर होता. मैथिलीला वाटलं, हे वाक्य त्यांनी बऱ्याच वेळा मनात म्हणून पाहिलं असावं.

तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगावी की नाही हे कळत नव्हतं.

अंगछाया ही आधी नुसती अडचण मानली जात होती. मैथिलीच्या संशोधनाने तिच्याकडे पाहण्याची रीत बदलली. माणूस अगदी निश्चल बसला तरी श्वासासरशी त्याची छाती अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे होते आणि तेवढ्याने त्याच्यावरून जाणाऱ्या लहरीची वाट बदलते. घरात संगणक एकच असेल तर हा बदल गोंगाटात हरवतो. तीन संगणक आपसात जोड वाटून घेत असतील, तर तीन बाजूंनी मोजमाप होतं आणि माणूस कुठे, कुणीकडे तोंड करून आहे हे आणि त्याचा श्वासही स्पष्ट दिसतो. ही नोंद सामाईक जोडीत आपोआप होई, आठ दिवस राही आणि पुसली जाई. ती उघडण्यासाठी घरातल्या माणसांची परवानगी लागे. आजवर मैथिलीने ती फक्त प्रयोगाला स्वतःहून आलेल्या लोकांचीच पाहिली होती.

“काकू,” ती शेवटी म्हणाली, “सरांना कशाने बरं वाटतं, कशाने त्रास होतो, हे त्यांच्या श्वासावरून थोडंफार कळू शकेल. नोंद आहे. पण तुम्ही हो म्हटलं तरच. आणि सरांच्या वतीनेही तुम्हालाच म्हणावं लागेल.”

“यांना विचारलं असतं तर हो म्हणाले असते?”

“तुम्हाला काय वाटतं?”

संध्याकाकूंनी दाराकडे पाहिलं. सर उन्हात हात पसरून बसले होते. “हे म्हणाले असते, आधी नकाशा काढ, मग बोल,” त्या म्हणाल्या. “दाखव.”

मैथिलीने नोंद उघडली. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक निळी आणि एक हिरवी. निळी सरांची.

“हा बुधवार, सकाळी साडेनऊ. कोण आलं होतं?”

“मालिश करणारा. सचिन.”

“मिनिटाला बावीस श्वास. त्यांच्या वयाला चौदा-पंधरा ठीक असतात. हे बघा, तो जाईपर्यंत बावीस-तेवीसच. आता इथे, दहा वाजून पाच मिनिटांनी, तुम्ही खोलीत आलात.”

निळी रेघ काही क्षण तशीच खालीवर होत राहिली. मग तिच्या लाटा लांब होत गेल्या. दोन मिनिटांत आकडा चौदावर आला.

“मी काय केलं होतं तेव्हा?”

“काहीच नाही. तुम्ही कपाटापाशी उभ्या होतात. ते पाठमोरे होते.”

“कपड्यांच्या घड्या ठेवत असेन.” त्या पडद्याजवळ वाकल्या. “पुढचा दिवस दाखव.”

मैथिलीने पुढचा दिवस दाखवला, मग त्याच्या पुढचा. आठ दिवसांत संध्याकाकू एकेचाळीस वेळा त्या खोलीत गेल्या होत्या आणि अडतीस वेळा हेच झालं होतं. त्या बोलल्या तरी आणि न बोलल्या तरी. एकदा तर, त्यांना आठवलं, सरांनी पाणी सांडलं म्हणून त्या चिडलेल्या होत्या. तेव्हाही आकडा चौदावर आला होता.

“म्हणजे ओळखतात मला?”

“ओळखतात असं मी म्हणणार नाही,” मैथिली सावकाश म्हणाली. “नाव, चेहरा, लग्न, हे त्यांना आठवत नसेलच. पण तुम्ही आलात की त्यांचं शरीर शांत होतं. हे ते ठरवून करत नाहीत. त्यांना ते माहीतही नाही.”

संध्याकाकूंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. पदर तोंडाशी धरला. मैथिलीने त्यांच्या गार झालेल्या चहाचा कप उचलून गरम करायला ठेवला.

“आणि ती हिरवी?” त्यांनी विचारलं.

मैथिलीने हा प्रश्न येऊ नये असं मनाशी म्हटलं होतं. “ती तुमची.”

हिरवी रेघ उलट वागत होती. बाल्कनीत, स्वयंपाकघरात ती संथ होती. सरांच्या दाराशी पोचली की तिच्या लाटा आखूड होत आणि आत असेपर्यंत तशाच राहत.

“ते मला माहीत होतं,” संध्याकाकू म्हणाल्या. “आत जाताना रोज वाटतं, आज काय असेल. पडले असतील का. कपडे खराब झाले असतील का.” मग पडद्यापासून मान वळवून, “बंद कर आता.”

सोमवारी त्यांनी केतकीला कळवलं की बाबा इथेच राहतील. केतकीने कारण विचारलं. ती चिडली नाही, पण तिला काळजी वाटली, आणि शनिवारी ती स्वतःच अमरावतीहून निघून आली. सकाळी अकराला ती पोचली. दुपारी चहाला मैथिलीलाही बोलावलं होतं.

आईने तिला सगळं सांगितलं. निळी रेघ, चौदाचा आकडा, अडतीस वेळा. हिरव्या रेघेविषयीही सांगितलं, थोडं कमी करून. केतकी ऐकत राहिली. मग तिने आईचा हात हातात घेतला.

“मग असं करू या,” ती म्हणाली. “बाबा इथेच राहू देत. मी दर शनिवार-रविवारी येते. ते दोन दिवस तू त्यांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मीच सगळं करीन. तू झोप, बाहेर जा, मैत्रिणींकडे जा.”

“प्रवास किती पडेल तुला.”

“दोन तास. पडू दे.”

संध्याकाकूंच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. कितीतरी दिवसांत त्या अशा मागे टेकून बसल्या नव्हत्या. मैथिलीलाही बरं वाटलं. आपल्या संशोधनाचा एका घराला उपयोग झाला असं तिच्या मनात आलं.

केतकी तिच्याकडे वळली. “मैथिली, गेल्या शनिवारीही मी आले होते. आठ दिवस नोंद राहते ना? मी आत गेले तेव्हा बाबांचं काय झालं?”

तिने अगदी सहज विचारलं होतं. उत्तर काय असेल याची तिला शंकाही नव्हती. शाळेत असताना ती बाबांच्या सायकलवर पुढे बसून जगातल्या नद्या म्हणत जायची. गेल्या शनिवारी ती तीन तास त्यांच्याशेजारी बसून होती, त्यांना केळं भरवत, त्यांची नखं कापत.

मैथिलीला तो आकडा ठाऊक होता. सोमवारी कळवायचं होतं म्हणून तिने काकूंसमोरच आठही दिवस नीट पाहिले होते. चोवीस. तीन तास चोवीस. मालिशवाल्यापेक्षाही जास्त. केतकी खोलीतून बाहेर पडल्यावर सरांना संथ व्हायला चाळीस मिनिटं लागली होती. त्यांच्या शरीराने बायकोला धरून ठेवलं होतं. मुलीला मात्र सोडून दिलं होतं. यात कुणाचा दोष नव्हता. मुलगी बावीस वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती आणि बायको रोज तिथेच वावरत होती, एवढंच त्याचं कारण असू शकेल. की आणखी काही होतं, ते विज्ञानाला सांगता येत नव्हतं.

मैथिलीने आजवर एकही आकडा बदलून सांगितला नव्हता. तिने तोंड उघडलं, पण संध्याकाकू आधी बोलल्या.

“त्या दिवशीची नोंदच नाही गं. जोड गेली होती ना आमची, दिवसभर. म्हणून तर मैथिलीला बोलावलं.”

केतकीने मैथिलीकडे पाहिलं.

“हो,” मैथिली म्हणाली. “त्या दिवसाचं काहीच मिळालं नाही.”

“मग आज बघू की. आता नीट झालीय ना जोड?”

“त्याने काय होणार आहे?” संध्याकाकू म्हणाल्या.

“काही नाही, आई. मला फक्त बघायचंय.” केतकीचा आवाज जरासा खाली आला. “मला ते ताई म्हणतात. मागच्या वेळी विचारलं, ताई, तुमचं गाव कोणतं. तुझ्यासारखं मलाही कळू दे ना, आत कुठेतरी मी आहे म्हणून.”

मैथिली उठली. टेबलापाशी जाऊन तिने सरांच्या संगणकाची वायर काढली, मग बैठकीतल्या संगणकाचीही. आता एकच संगणक चालू उरला, आणि एकट्याला श्वास दिसत नाही.

“मी ही नोंद तुमच्या घरातून काढून टाकतेय,” ती म्हणाली. “आधीच करायला हवं होतं. आजाऱ्याच्या परवानगीवाचून ती ठेवणं बरोबर नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं. केतकीला ते पटलं, निदान तिने मान हलवली. पण मैथिलीच्या मनात दुसरंच चाललं होतं. तिचं संशोधन ती जिथे काम करी त्या संस्थेने स्वीकारलं होतं. पुढच्या वर्षी ते सगळ्या सामाईक जोडींमध्ये येणार होतं, हृदयाचे आजार लवकर कळावेत म्हणून, आणि ते कळणारही होते. मग घराघरांत कुणीतरी केतकीचा प्रश्न विचारेल. मी आलो की आईचं काय होतं? मी शेजारी झोपते तेव्हा याचं काय होतं? आणि प्रत्येक घरात पुढे होऊन खोटं बोलणारं माणूस असेलच असं नाही.

केतकी वडिलांजवळ गेली. ते दारातल्या उन्हात बसले होते. तिने बुटकं स्टूल ओढलं, त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“कुठून आलात तुम्ही, ताई?” सरांनी विचारलं.

“अमरावतीहून.”

“बरंच लांब.”

“नाही हो. दोन तास.”

ती त्यांच्या हातावरून बोटं फिरवत राहिली. सर समोरच्या उन्हाकडे पाहत होते. चेहरा नेहमीसारखा निवांत, सभ्य. त्यांच्याकडे पाहून काहीही कळलं नसतं. पण संध्याकाकू आता चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर सदऱ्यावर होती, छातीजवळ, जिथे कापड भराभर वर येत होतं आणि खाली जात होतं. मैथिलीही तिथेच पाहत होती.

“बघ ना आई,” केतकी मान न वळवता हळूच म्हणाली. “माझ्याजवळ किती शांत बसलेत.”

“हो गं,” संध्याकाकू म्हणाल्या. “बस तू. मी जरा पडते.”